जुनी लांब पाठीची मोटार आणि घाटाची परीक्षा

सुरगाणा हा नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा तालुका होय. १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत येथे देशमुखांचे छोटेसे संस्थान होते. उत्तरेस व पश्चिमेस गुजरातची हद्द, पूर्वेच्या बाजूस कळवण आणि दक्षिणेस पेठ. केमच्या डोंगरात गिरणेचा उगम होतो व ती खानदेशाकडे वळते. नार आणि पार या नद्या मात्र पश्चिमेकडे गुजरातेत उतरतात. अशा डोंगराळ मुलखात सपाट रस्ता म्हणजे दोन चढांमधील विसावा. नाशिक शहर येथून नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. वणी-दिंडोरीकडून जा किंवा पेठेवरून सावळघाटाने जा, घाट चुकत नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने पाऊसही चुकत नाही.

या तालुक्यात मोटार घेणारा मनुष्य हौसेखातर क्वचितच घेतो. बोरगाव-हतगडाकडील शेतकऱ्यास स्ट्रॉबेरीच्या पेट्या सकाळच्या आत पोहोचवावयाच्या असतात. आश्रमशाळेतील शिक्षकास आईस दर महिन्यास नाशिकच्या डॉक्टरांकडे न्यावयाचे असते. आणि एखाद्या पाड्यावर मध्यरात्री बाई अडली, तर ज्याच्या दारात चारचाकी आहे त्याचेच दार वाजते. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रभर सुरू झाली, ही मोठीच सोय झाली. तथापि पाड्यापासून डांबरी सडकेपर्यंतचे अंतर पुष्कळदा गावातल्याच गाडीने तोडावे लागते. म्हणून मागील आसन पाडले की आडवा माणूस झोपवता येईल, अशा लांब पाठीच्या गाडीकडे लोकांचे लक्ष जाते. नवी गाडी आवाक्याबाहेर असते. मग जुन्या बाजारात नजर टाकली, तर एके काळी साहेब लोकांनी वापरलेली, गुळगुळीत आसनांची, रुंद चाकांची एखादी मोठी एस्टेट मोटार आश्चर्य वाटावे इतक्या अल्प किमतीस उभी असलेली दिसते. ती इतकी स्वस्त का, आणि घाटात तिच्यावर भरवसा टाकावा की नाही, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम एस्टेट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. विलायतेतील जमीनदारांच्या मळ्यांस व वाड्यांस ‘एस्टेट’ म्हणत. तेथून माणसे, कुत्री आणि शिकारीचे सामान एकाच वाहनातून नेता यावे म्हणून मोटारीचे छप्पर शेवटपर्यंत ओढून मागे उघडे दार बसवले, तीच ही गाडी. अमेरिकेत हीच गाडी रेल्वे स्टेशनावरून पाहुणे व सामान आणण्यासाठी वापरीत, म्हणून तिकडे तिचे नाव ‘स्टेशन वॅगन’ पडले. आपल्या प्रांतात हा प्रकार कधीच फारसा रुजला नाही. पुण्याच्या टेल्को कारखान्याने १९९२ साली ‘टाटा एस्टेट’ बाजारात आणली; १९८८ च्या टाटामोबाइल या माल वाहणाऱ्या गाडीचा मजबूत सांगाडा तिच्याखाली होता आणि वर साहेबी थाट. २००० च्या सुमारास ती बंद झाली. पुढे स्कोडा कंपनीने तेव्हाच्या औरंगाबादेजवळ शेंद्रा येथे कारखाना काढला व २००१ पासून ऑक्टाव्हिया आणली. तिचीच ‘कॉम्बी’ नावाची लांब पाठीची बहीण काही वर्षे विकली जात होती. २००४ मध्ये टाटांनी इंडिगो मरीना काढून पुन्हा एक प्रयत्न केला. परंतु डिकी वेगळी उठून दिसली नाही की गाडीस मान नाही, अशी आपल्याकडे समजूत. मागे सपाट दार म्हणजे टेम्पोच, असे म्हणून लोकांनी या गाड्यांकडे पाठ फिरवली. त्यांची जुन्या बाजारातील किंमत खाली राहण्याचे एक कारण हे आहे, आणि ते गाडीच्या गुणदोषाशी अगदीच असंबद्ध आहे. दुसरे कारण मात्र असंबद्ध नाही: कमी खपलेल्या गाडीचे सुटे भाग कमी ठिकाणी मिळतात.

भरवसा हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. अमुक कंपनीची गाडी भरवशाची, तमुक कंपनीची नाही, असे लोक म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात नवी गाडी असते. गाडी पंधरा वर्षांची झाली म्हणजे ती कारखान्याची राहत नाही, मालकाची होते. एकाच दिवशी एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन गाड्यांपैकी एक वेळेवर तेल-पाणी मिळाल्याने ठणठणीत राहते आणि दुसरी भंगारात जाते. शिवाय मुंबई-पुण्याच्या रुंद सडकेवर ज्या गाडीने कधी तक्रार केली नाही, तिचे खरे दुखणे सावळघाटाच्या दुसऱ्या वळणावर उघडे पडू शकते. सपाटीवर इंजीन आपल्या शक्तीचा लहानसा भाग वापरते. सात माणसे आणि चार पोती घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये मालट्रकच्या मागे चढताना त्यास जवळजवळ सर्व शक्ती लावावी लागते, आणि त्या वेळी समोरून वाराही मिळत नाही. म्हणून घाटासाठी जुनी गाडी पाहताना तपासाचा क्रम शहरातील माणसाहून निराळा असला पाहिजे. शहरी माणूस रंग, आसने आणि गार हवेचे यंत्र पाहतो. येथे आरंभ पाण्यापासून करावा.

इंजिनात जळणाऱ्या डिझेलपैकी निम्म्याहून अधिक उष्णता चाकांपर्यंत पोहोचत नाही. ती काही धुराड्यातून व काही पाण्यातून बाहेर टाकावी लागते. इंजिनाभोवती खेळणारे पाणी रेडिएटरमध्ये येऊन थंड होते व परत जाते. हे पाणी बंद नळ्यांत दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांवरही उकळत नाही. दाब राखण्याचे काम रेडिएटरचे अथवा टाकीचे झाकण करते. हे क्षुद्र दिसणारे झाकण सैल झाले तर सर्व व्यवस्था कोसळते, आणि तापलेल्या गाडीचे हेच झाकण घाईने उघडले तर उकळते पाणी तोंडावर उडून माणूस जन्माचा भाजतो. नव्या चालकास ही गोष्ट पुनःपुन्हा बजावली पाहिजे.

जुन्या गाडीत या व्यवस्थेचे दोष ठरलेले असतात. रबरी नळ्या फुगून मऊ पडतात. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार साचतो, कारण वाटेत पाणी संपले की लोक ओढ्याचे किंवा विहिरीचे पाणी ओततात. कूलंट नावाचे द्रव्य मिसळून पाणी घालण्याची शिस्त फार थोडे पाळतात. हे द्रव्य केवळ थंडीसाठी असते व आपल्याकडे थंडी नाही, हा गैरसमज सार्वत्रिक आहे. वास्तविक ते पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते आणि आतील धातूस गंज लागू देत नाही. ऑक्टाव्हियासारख्या आडव्या इंजिनाच्या गाडीत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो. तो बिघडला तरी धावत्या गाडीस वारा मिळत असल्याने सपाटीवर कळत नाही. चढावर गाडी मंदावली की तापमानाचा काटा वर सरकू लागतो. काही कारागीर गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट नावाची झडपच काढून फेकतात. त्याने मूळ रोग जात नाही, केवळ लक्षण लपते. इंजीन मग योग्य तापमानास कधीच पोहोचत नाही आणि डिझेल अधिक पिते.

एकदा जरी इंजीन जबर तापले असेल, तरी त्याची खूण राहते. माथ्याचा भाग आणि खालचा ठोकळा यांच्यामधील गॅस्केट जळते आणि पाणी व तेल यांची भेट होते. तेलाच्या झाकणाच्या आतील बाजूस पांढुरका, लोण्यासारखा थर दिसला, किंवा पाण्याच्या टाकीत इंजीन चालू असताना एकसारखे बुडबुडे येत असले, तर तेथेच नमस्कार करून घरी परतावे. विकणारा म्हणेल, ‘गुरुजी, पावसाळी हवा आहे, थोडे धुके धरते.’ धुके धरते हे काही वेळा खरेही असते, विशेषतः जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत. परंतु टाकीतील बुडबुड्यांचा पावसाशी काही संबंध नाही.

दुसरी बाब पट्ट्याची. ऑक्टाव्हिया कॉम्बीच्या १८९६ घन सेंटिमीटरच्या, नव्वद अश्वबलाच्या डिझेल इंजिनाचे नाव जुन्या कारागिरांत आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. नीट सांभाळलेली अशी इंजिने कित्येक लाख किलोमीटर धावली आहेत. परंतु त्यात एक दातेरी रबरी पट्टा आहे, त्यास टायमिंग बेल्ट म्हणतात. खालचा दंड दोन फेरे फिरला की वरचा दंड एक फेरा फिरावा व झडपा नेमक्या क्षणी उघडाव्यात-मिटाव्यात, हे या पट्ट्याचे काम. तो तुटला तर उघड्या राहिलेल्या झडपांवर पिस्टन येऊन आदळतात आणि एका क्षणात इंजीन निकामी होते. तुटण्यापूर्वी पट्टा बहुधा आवाज करीत नाही, धूर काढीत नाही, कसलीच सूचना देत नाही. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत तो बदलण्याचे किलोमीटर दिलेले असतात; पण गाडी उभी असली तरी रबर वयाने म्हातारे होते, हे ध्यानात धरावे. याच पट्ट्यावर पाणपंप फिरतो. काही पंपांची आतील पाती प्लॅस्टिकची असत व ती झिजून किंवा दांड्यावर सैल होऊन फिरेनाशी होत. म्हणून पट्टा, त्यास ताणणारी चाके आणि पाणपंप ही सर्व एकदमच बदलावीत, असा जाणत्यांचा शिरस्ता आहे. पट्टा बदलल्याचे बिल जर मालकाजवळ नसेल, तर तो बदललेला नाही असेच समजून किंमत बोलावी. तोंडी साक्षीस येथे मोल नाही.

मूळच्या टाटा एस्टेटचे १९४८ घन सेंटिमीटरचे इंजीन याच्या उलट स्वभावाचे. त्यास टर्बो नाही, संगणक नाही, शक्तीही बेताचीच. चढावर ती गाडी धापा टाकते. पण सुमोचे इंजीन ज्या कारागिराने हाताळले आहे त्यास ती परकी वाटत नाही. सुमो १९९४ साली आली व २०१९ पर्यंत निघत राहिली; सुमंत मुळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले हे पुष्कळांस ठाऊक असेल. एस्टेटचा दोष निराळा: जी काही मोजकी उरली आहेत त्यांचे वय आता पंचवीस वर्षांहून अधिक. यंत्र दुरुस्त होईल, पण मागच्या दाराची काच, दिव्याचे भिंग, दाराची रबरी पट्टी हे बाहेरचे भाग मिळवता मिळवता मालकाची चप्पल झिजते.

आता ब्रेकविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण गाडी बंद पडली तर फार तर रात्र रस्त्यावर काढावी लागते. ब्रेक गेले तर तेवढ्यावर भागत नाही. माणसे व सामान धरून अठराशे किलो वजनाची गाडी तीनशे मीटर उंची उतरते असे समजू. त्या उतारात तिने जी शक्ती गमावली ती सर्व ब्रेकनेच शोषली, तर तेवढ्या उष्णतेने सुमारे अठरा लिटर थंड पाणी उकळीस येईल. एवढी उष्णता चार चाकांमधील तळहाताएवढ्या लायनरांवर पडते. ब्रेकच्या नळ्यांत जे तेल असते ते हवेतील ओल हळूहळू शोषून घेते. बाजारात डॉट-४ या नावाने मिळणाऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू कोरे असताना किमान २३० अंश असतो. ओल शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो असे मानक सांगते. त्याहून जुने व ओले तेल घाटाच्या पायथ्याशी उकळते, नळीत वाफेचे फुगे होतात, आणि पाय दाबला तर तो सरळ तळाला जातो. सुरगाण्यासारख्या पावसाळी हवेत दर दोन वर्षांनी हे तेल बदलणे ही चैन नव्हे. जुनी गाडी विकत घेतल्यावर तर पहिल्या आठवड्यातच ते बदलून टाकावे. काळपट चहासारखे तेल निघाले की मागील मालकाची शिस्त कळते.

याला जोडून एक घातक सवय सांगितली पाहिजे. डिझेल वाचवावे म्हणून काही चालक उतारावर इंजीन बंद करून गाडी सोडून देतात. मोठ्या गाडीचा ब्रेक केवळ पायाच्या बळावर लागत नसतो. बूस्टर नावाच्या डब्यातील निर्वात त्यास साहाय्य करतो. डिझेल गाडीत हा निर्वात निर्माण करण्यास वेगळा पंप लागतो व तो इंजिनावर चालतो. इंजीन बंद झाले की साठलेला निर्वात दोन-तीन वेळा पाय दाबताच संपतो, आणि त्यानंतर दगडावर पाय दाबल्यासारखे वाटते. सुकाणूही जड होते. शिवाय इंजीन गिअरमध्ये असताना जो रोध मिळतो तोही जातो. आपल्याकडील पुष्कळ डिझेल गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या पाठीस बसवलेला असतो व त्यास तेलाची बारीक नळी येते. ती नळी फुटली तर इंजिनाचे तेलही जाते, म्हणून गाडी पाहताना तेथे हात फिरवून बोटास तेल लागते का ते पाहावे. ज्या गिअरने घाट चढावा त्याच गिअरने उतरावे, असे जुने जीपचालक सांगत. त्यात यंत्रशास्त्राचे सर्व सार आले.

लांब पाठीच्या गाडीचे म्हणून जे खास दोष आहेत ते मागच्या बाजूस सापडतात. जागा दिसली की माणूस भरतो. साहेबाच्या दोन पेट्यांसाठी योजलेल्या जागेत खताची सहा पोती गेली, की मागील स्प्रिंगा बसतात, शॉकअप गळू लागतात, गाडीचे नाक वर होते आणि रात्री समोरच्याच्या डोळ्यांत दिवे जातात. रिकामी गाडी सपाट जमिनीवर उभी करून बाजूने पाहावी. शेपूट खाली दिसले तर तिने हमाली केली आहे असे खुशाल समजावे. मागचे दार जड असल्याने ते तोलून धरणारे गॅसचे दांडे कमजोर होतात व दार मानेवर येते. दाराच्या बिजागरीतून जाणाऱ्या विजेच्या तारा हजारो वेळा वाकून आतल्या आत तुटतात. मग मागचा पुसणारा, नंबराचा दिवा किंवा कुलूप एकाएकी बंद पडते आणि कारागीर सर्व गाडी धुंडाळीत बसतो. दाराची रबरी पट्टी फाटली की पाणी मागील चटईखाली, सुट्या चाकाच्या खळग्यात साचते. चटई उचलून तेथे नाक न्यावे. कुबट वास आणि तांबूस गंज कधी खोटे बोलत नाहीत.

आणि हेही सांगितले पाहिजे, कारण ते फार थोड्यांस ठाऊक असते. लांब वासे किंवा खाट नेण्यासाठी मागचे दार उघडे बांधून गाडी चालवली, तर धावत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी होऊन धुराड्याचा धूर आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास रंग नाही, वास नाही. मागे झोपवलेल्या आजारी माणसाच्या डोक्याशीच तो येतो. नाइलाजाने असे जावेच लागले, तर पुढील सर्व खिडक्या पूर्ण उघडाव्यात आणि अंतर अगदी थोडे असावे. धुराडे सडलेले असेल तर बंद दारानेही हा धोका राहतो.

विजेच्या व संगणकाच्या भागांविषयी फार बोलण्याचे कारण नाही. ते बिघडतात, एवढे पुरे. खिडकीची काच वर-खाली करणारे प्लॅस्टिकचे पकडे तुटून काच दारात पडणे, हे ऑक्टाव्हियाचे प्रसिद्ध दुखणे आहे. पावसात त्याचा मनस्ताप होतो, पण गाडी थांबत नाही. हवा मोजणारा सेन्सर मात्र घाटात महत्त्वाचा. तो मळला की संगणकास हवा कमी भासते, तो डिझेल कमी सोडतो, आणि धूर न काढता, आवाज न करता गाडीची ताकद जाते. इंजीन संपले, असे सांगून कोणी ते उघडावयास बसण्यापूर्वी हा एक सेन्सर तपासून घ्यावा. त्यासाठी गाडीस यंत्र जोडून दोषांची नोंद वाचावी लागते. गाडी घेण्यापूर्वी नाशिकच्या एखाद्या कारागिराकडून अशी नोंद वाचून घेतली तर तो खर्च वाया जात नाही.

रस्त्याचा आणखी एक प्रश्न. साहेबी गाडीचे पोट जमिनीस जवळ असते. बोलेरोसारखी उंच गाडी, जी २००० साली आली आणि नाशिकच्या सातपूरला महिंद्रांच्या कारखान्यात बनते, ज्या दगडावरून सहज जाते, तोच दगड हिच्या चेंबरला लागतो. चेंबर म्हणजे इंजिनाखालील तेलाचे पात्र. ते फुटून तेल वाहून गेले व चालकाने लाल दिव्याकडे दुर्लक्ष करून आणखी थोडे अंतर गाडी रेटली, की इंजीन आवळून बसते. गाडी उंचावर घेऊन खालून चेंबरवरील मार पाहावा. खाली लोखंडी पत्रा बसवून घेणे हा खर्च प्रथम करावा. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असेल तर या गाडीने थांबावे. हवेबरोबर पाणी इंजिनात गेले तर पाणी दाबले जात नाही आणि पिस्टनचा दांडा वाकतो. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून जुन्या बाजारात येतात, हेही विसरू नये. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यानंतरही कोल्हापूर-सांगलीस २०१९ मध्ये महापूर आला. आसनाखालचे रूळ गंजलेले, पट्ट्याच्या टोकाशी चिखलाची रेघ, दिव्याच्या आत बाष्प, ही त्यांची चिन्हे होत.

समजा, सुरगाण्याचे एक शिक्षक आणि त्यांचे दोन भाऊ मिळून अशी गाडी पाहावयास नाशिकास गेले. दलाल म्हणतो, ‘गुरुजी, डॉक्टरसाहेबांची गाडी आहे. एका हातावरची. बसा आणि निघा.’ जुन्या बाजारातील प्रत्येक गाडी कोणत्या ना कोणत्या डॉक्टरचीच असते, हे एक नवल आहे. गाडी आधीच चालू करून तापवून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे व इंजिनावर हात ठेवून ते गार असल्याची खात्री करावी. थंड डिझेल इंजीन कसे सुरू होते यावर हीटर प्लग, बॅटरी आणि सिलिंडरांतील दाब या तिन्हींची परीक्षा होते. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. सत्तर हजार दाखवणाऱ्या गाडीच्या क्लचच्या पायपट्टीवरील रबर झिजून गुळगुळीत झाले असेल, तर कोण खोटे बोलते ते उघड आहे. टायरच्या कडेस चार अंक एका लंबवर्तुळात असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचा खोल दिसल्या तरी दहा वर्षांचे रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही. मग भावाभावांनी गाडीत भरून बसावे आणि कसारा घाटाकडे अर्धा तास न्यावी. गार हवेचे यंत्र चालू ठेवून चढावी, वर थांबवून पाच मिनिटे इंजीन चालू ठेवावे, आणि काटा कोठे उभा राहतो ते पाहावे. चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच गेला. अशा गाड्यांत पुष्कळदा दोन तुकड्यांचे फ्लायव्हील असते व त्यासह क्लचचा खर्च गाडीच्या किमतीचा मोठा लचका तोडतो.

कागदांविषयी सीमेवरील माणसाने विशेष सावध असावे. गुजरातची गाडी पलीकडे स्वस्त मिळते म्हणून अनेकांस मोह होतो. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची तर तिची नोंदणी महाराष्ट्रात करून येथील कर भरावा लागतो, व त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला, नमुना २८, लागतो. हा कर हिशेबात धरला की स्वस्ताई बरीच वितळते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली, तेव्हापासून उत्तरेकडील मोठ्या डिझेल गाड्या इतर राज्यांत पडेल भावाने येऊ लागल्या. त्यांतील काही उत्तम असतात. कागद मात्र अपुरे असू नयेत. हस्तांतरासाठी नमुने २९ व ३०, गाडीवर कर्ज असल्यास ते फिटल्याचा नमुना ३५, आणि चेसिसवर ठोकलेला क्रमांक नोंदणीपुस्तकाशी अक्षरशः जुळणे, इतके पाहिल्यावाचून विसार देऊ नये.

पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क पाच हजार रुपये झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारीसाठी २०२५ मध्ये ते दहा हजारांवर गेले. पर्यावरण कर निराळा. गाडीची किंमत ठरवताना हे शुल्क, टायमिंग बेल्ट व पाणपंप, ब्रेकचे तेल व लायनर, रबरी नळ्या आणि चेंबरखालचा पत्रा एवढ्यांची रक्कम आधीच बाजूस काढून ठेवावी व उरेल तेवढीच दलालास सांगावी. तिघा भावांनी वैशाखात गाडी घेतली, तर ही सर्व कामे ज्येष्ठाच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावीत. मृग लागल्यावर बाऱ्हे-उंबरठाणकडील रस्त्यांवर पाणी चढते, कारागीर जीपांच्या कामात गढून जातात, आणि नाशिकहून मागवलेला पट्टा येईपर्यंत गाडी दारातच भिजत उभी राहते.